फुकटच्या सर्व्हरवर ‘गो’ शिकताना

पोरी, गो शिकायचं ठरवलंस ना, मग पुस्तक संपायची वाट बघू नकोस. पहिल्याच संध्याकाळी भाषेसोबत येणारं नेट-एचटीटीपी पॅकेज घे, नुसतं ‘नमस्कार’ म्हणणारा प्रोग्राम लिही आणि रेंडरसारख्या होस्टिंगच्या ठिकाणी फुकटात चढव. गो याला फार सोयीची आहे. सगळं मिळून एकच बायनरी तयार होते, वेगळा वेब सर्व्हर लागत नाही, मेमरीही बेताची लागते. दुसऱ्याच्या मशीनवर चालणारं आपलं काम बघितलं की शिकायला हुरूप येतो, हे मी कितीतरी मुलांमध्ये पाहिलंय.

अडतं ते बहुधा पोर्टपाशी. आकडा कोडमध्ये पक्का लिहू नकोस. प्लॅटफॉर्म तो ‘पोर्ट’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देतो, तिथून वाच. पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ ठेवलंस, तर तुझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चालेल आणि तिकडे बाहेरची एकही रिक्वेस्ट आत पोचणार नाही. मुलं इथे रात्र घालवतात आणि दोष बिचाऱ्या भाषेला देतात. आधी लॉग उघड, वरपासून खालपर्यंत वाच, मगच कोडला हात लाव.

फुकटची जागा धर्मशाळा समज. मुक्काम कर, दागिने ठेवू नकोस. रेंडरवर १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की सर्व्हिस झोपते, आणि पुढच्या माणसाला मिनिटभर ताटकळावं लागतं. जागी होते तेव्हा डिस्कवर लिहिलेल्या फाइली गेलेल्या असतात. एसक्यूलाइटचा डेटाबेसही फाइलच, तोही जातो. हेरोकू या अशाच दुसऱ्या ठिकाणी कित्येकांनी पहिला प्रोग्राम फुकटात चढवला होता. ती फुकटची सोय २८ नोव्हेंबर २०२२ला बंद झाली. म्हणून कोड गिटमध्ये आणि डेटाची प्रत स्वतःजवळ हवीच. भाषेचं मात्र तसं नाही. २०१२ साली गोची पहिली पक्की आवृत्ती आली, तेव्हाच जुना कोड पुढेही चालेल असं वचन तिच्या कर्त्यांनी दिलं, आणि ते बऱ्यापैकी पाळलंय.

गूगल क्लाउडसारख्या ठिकाणी कार्ड द्यावं लागतं. तिथे बजेट लावलंस तरी ते फक्त सूचना पाठवतं, खर्च थांबवत नाही. प्रयोग झाला की प्रोजेक्ट बंद करूनच उठ.

आणि पासवर्ड कोडमध्ये कधीच नको. चुकून गिटवर गेलाच, तर ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये तो राहतो. तेव्हा आधी पासवर्ड बदल, बाकीचं नंतर.