छपराचा मक्ता कोणास द्यावा?

बैल घ्यावयाचा झाला म्हणजे आपण त्याचे दांत पाहतों, चाल पाहतों, बाजारांतून दोन फेरे घालतों. बियाणें घेतांना मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून उगवण पाहतों. परंतु ज्या छपराखालीं तो बैल, तें बियाणें, वर्षाचें धान्य आणि घरचीं मुलेंमाणसें राहावयाचीं, त्या छपराचें काम मात्र दारीं येऊन गोड बोलणाऱ्या पहिल्याच मनुष्याच्या हवालीं करून मोकळे होतों. चुकलेली पेरणी पुढील हंगामांत सुधारतां येते. गळकें छप्पर भर आषाढांत सुधारतां येत नाहीं. सबब छपराचा मक्तेदार पारखावा कसा, त्याच्याशीं करार कसा करावा व त्यास पैसा केव्हां द्यावा, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे. येथें पत्र्याचीं व मंगलोरी कौलांचीं छपरेंच डोळ्यांपुढें धरलीं आहेत. स्लॅबचा विषय निराळा आहे.

वेळेचा विचार

आपणांकडे छपराची आठवण बहुधा अक्षय्य तृतीयेनंतर होते, आणि मृग तर ७-८ जूनला लागतो. मधल्या चार-पांच आठवड्यांत साऱ्या गांवास एकदमच मेस्त्री हवा असतो. अशा वेळीं भाव मक्तेदार ठरवितो, आगाऊ रक्कमही तोच ठरवितो, आणि आपण मान डोलावितों. लबाडाचें बळ त्याच्या हुशारींत नसून आपल्या घाईंत असतें, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

यावर उपाय एकच. छपराची परीक्षा श्रावण-भाद्रपदांत करावी, मक्तेदार दिवाळीनंतर ठरवावा व काम होळीच्या सुमारास पुरें करून घ्यावें. उन्हाळ्यांत सर्वच छपरें सारखीं दिसतात. पावसाळ्यांत मात्र तीं बोलूं लागतात. कोणत्या घरांत ताटें-पातेलीं मांडून ठेविलीं आहेत आणि कोणत्या गोठ्यांत कडबा कोरडा आहे, हें भर पावसांत गांवांतून एक फेरी मारली असतां आपोआप कळतें. कोरड्या घराच्या मालकास मेस्त्रीचें नांव विचारावें. याहून चांगली शिफारस दुसरी नाहीं.

वादळानें छप्पर गेलें असेल तर मात्र इतका अवधि मिळत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ कोंकणच्या किनाऱ्यालगत गेलें. दोन्ही वेळां कौलें व पत्रे उडाले आणि पाऊस तर तोंडावर आलेला. अशा प्रसंगीं प्रथम मोडतोडीचीं छायाचित्रें काढावीं, तलाठ्याकडून, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, पंचनामा करवून घ्यावा, आणि धान्याच्या जागेवर ताडपत्री आवळून बांधावी. ताडपत्रीनें मिळालेले आठ दिवस फार मोलाचे असतात, कारण तेवढ्या दिवसांत चौकशी करतां येते. वादळानंतर दुसऱ्याच दिवशीं परजिल्ह्यांतून आलेला व "आज पैसे द्याल तरच उद्यां काम" म्हणणारा मनुष्य दारांतूनच परत पाठवावा.

मनुष्याची पारख

मक्तेदाराची चौकशी चार ठिकाणीं करावी. पहिली त्याच्या राहत्या गांवीं. त्याचें घर कोठें आहे व तो किती वर्षें तेथें आहे, हें स्वतः जाऊन पहावें. ज्याचें घर सांपडत नाहीं, तो मनुष्य गळती लागल्यावर कसा सांपडणार?

दुसरी चौकशी त्याच्या जुन्या कामांवर. त्यानें दाखविलेलीं कामें तर पहावींच, परंतु पांच-सहा पावसाळे झालेलें एखादें काम आपण होऊन शोधावें. मालकास "काम कसें झालें?" असें मोघम विचारूं नये, बहुतेक लोक भिडेनें "बरें झालें" म्हणतात. गळती लागली होती काय, निरोप पाठविल्यावर तो किती दिवसांनीं आला, आणि त्यानें दुरुस्तीचे पैसे निराळे घेतले काय, हे तीन प्रश्न विचारावे. गळती चांगल्या कारागिराच्या कामासही एखादे वेळीं लागते. परत येतो तो भला मनुष्य, येत नाहीं तो नव्हे, पारख एवढीच.

तिसरी चौकशी तालुक्याच्या पत्रा-लोखंडाच्या दुकानीं. त्याची उधारी थकली असेल, तर आपण दिलेली आगाऊ रक्कम मागील दुकानदाराची तोंडमिळवणी करण्यांत जाईल आणि आपला माल येणार नाहीं. चौथी चौकशी त्याच्या मजुरांकडे. ज्याच्या मजुरांस आठवड्याची मजुरी वेळेवर मिळत नाहीं, त्याचीं माणसें अर्धें काम टाकून जातात.

आमच्या माहितीच्या एका गांवीं दोन भाऊ शेजारीं शेजारीं राहतात. थोरल्यानें वैशाखांत अर्धी रक्कम आगाऊ देऊन एका फिरत्या मक्तेदारास काम दिलें. त्यानें जुनीं कौलें उतरविलीं, वासे उघडे पाडले, आणि "माल आणावयास जातों" म्हणून जो गेला तो आलाच नाहीं. मृगाच्या पहिल्या सरींत वीस पोतीं भात भिजलें. धाकट्यानें त्याच सालीं गांवच्या सुताराकडून काम करविलें. दर थोडा जास्त पडला, परंतु माल स्वतः आणला व पैसा कामाच्या मागून दिला. दोघांची जमीन सारखी, घरें सारखीं. अंतर काय तें पैसा देण्याच्या रीतींत.

मापाचा व मालाचा हिशेब

मक्तेदारास माप येतें आणि आपणांस येत नाहीं, येथें निम्मी फसवणूक होते. वस्तुतः हिशेब सोपा आहे. समजा, घर ४० फूट लांब व २० फूट रुंद असून चोहों बाजूंस दोन दोन फूट वळचण आहे. म्हणजे जमिनीवरील माप ४४ गुणिलें २४, म्हणजे १,०५६ चौरस फूट झालें. दोन फुटांस एक फूट असा उतार असेल तर या आंकड्यास १.१२ नें गुणावें. छपराचें खरें क्षेत्र सुमारें १,१८० चौरस फूट येतें. मक्तेदारानें १,४०० फूट धरले असतील, तर वरचे २२० फूट कोठून आले हें त्यास विचारावें. दर कामाच्या क्षेत्रावर कीं मालाच्या क्षेत्रावर, म्हणजे पत्र्यावर पत्रा चढतो तो भाग त्यांत धरला आहे काय, हें आधींच लिहून घ्यावें. मंगलोरी कौलें एका चौरस मीटरास सुमारें १५ लागतात. वरील छपरास साधारण १,६५० व तूटफुटीसाठीं आणखी पांच टक्के पुरावीं. आढ्यावरील कौलें निराळीं मोजावीं.

पत्र्याची जाडी डोळ्यांस कळत नाहीं, पण काट्यास कळते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचें वजन एका चौरस फुटास सुमारें ३६५ ग्रॅम भरतें. पत्र्याच्या लाटांवरून आडवी दोरी चढउतार करीत लावावी व ती सरळ करून मोजावी, म्हणजे पत्र्याची खरी रुंदी समजते. ती ४ फूट भरली व पत्रा १२ फूट लांब असला, तर क्षेत्र ४८ चौरस फूट. वजन साडेसतरा किलोच्या आसपास आलें पाहिजे. तें १४ किलोच भरलें, तर पत्रा ०.४० मिलिमीटरचा आहे असें समजावें. धान्याचा काटा ज्याच्या घरीं आहे, त्यास या बाबतींत कोणी फसवूं शकत नाहीं.

आमचें मत असें कीं, माल स्वतः खरेदी करावा, पक्की पावती आपल्या नांवावर घ्यावी व मक्तेदारास केवळ मजुरीचा मक्ता द्यावा. मालासहित मक्ता द्यावयाचाच झाल्यास मालाची जात, जाडी व नग करारांत लिहावे. तिघांकडून भाव मागवावे, पण तिघांस एकच याद द्यावी; नाहींतर एकाच्या भावांत जुनें छप्पर उतरविणें धरलेलें असतें, दुसऱ्याच्या भावांत नसतें, आणि तुलना फोल होते. सर्वांहून फार कमी भाव आल्यास त्यानें काय गाळलें आहे तें आधीं शोधावें.

करारांतील कलमें

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणें तोंडी करारही करारच होय. परंतु तो शाबीत करणें दुरापास्त असतें. आम्हीं सारी नोकरी महसुलाच्या कागदांत घालविली. तिचें सार इतकेंच कीं, ज्याच्या हातीं कागद त्याच्या बाजूस निकाल. सबब योग्य त्या मुद्रांकावर दोन साक्षीदारांसमक्ष पुढील कलमें लिहून घ्यावीं :

(१) उभयतांचीं पूर्ण नांवें, पत्ते व मक्तेदाराच्या ओळखपत्राची नक्कल.
(२) कामाची याद : जुनें छप्पर उतरविणें, वासे-रिपा बदलणें, पत्रा किंवा कौलें चढविणें, आढें, पन्हळ व भिंतीलगतचे सांधे बंद करणें.
(३) मालाचें वर्णन व तो कोणी आणावयाचा.
(४) मापाची रीत व दर.
(५) आरंभाची व समाप्तीची तारीख. उशीर झाल्यास दर दिवशीं किती रक्कम कापावयाची तें.
(६) पैसे देण्याचे टप्पे.
(७) किती पावसाळ्यांपर्यंत गळती फुकट काढून द्यावयाची तें.
(८) जुनीं कौलें, पत्रे व लांकूड कोणाचें. हें कलम न लिहिल्यानें पुष्कळ तंटे होतात.
(९) मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी.

शेवटच्या कलमाविषयीं दोन शब्द. छपरावरून पडून मनुष्य दगावतो किंवा जन्माचा पंगु होतो, तेव्हां नुसता कायद्याचा नव्हे तर मनुष्यधर्माचाही प्रश्न उभा राहतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊं देऊं नये. तो कडकन मोडतो. त्यावर आडवी फळी टाकूनच माणूस चढवावा. कमरेस दोर बांधण्याचा आग्रह मालकानें स्वतः धरावा. मागील वर्षांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे होऊं शकते. मजुरांची अशी नोंदणी आहे काय हें मक्तेदारास विचारावें. तिची काळजी घेणारा मक्तेदार बहुधा इतर बाबतींतही नेटका असतो.

पैसा कामाच्या मागून

पैसा कामाच्या पुढें जाऊं नये, हें साऱ्या लेखाचें बीज आहे. मजुरीचा मक्ता एक लाख रुपयांचा धरल्यास वांटणी पुढीलप्रमाणें असावी : माणसें-हत्यारें कामावर आल्यावर १० हजार, वासे-कैच्या उभ्या राहिल्यावर ३० हजार, पत्रा किंवा कौलें चढल्यावर ३५ हजार, काम तपासून ताब्यांत घेतल्यावर १० हजार, आणि उरलेले १५ हजार दसऱ्यानंतर. हे शेवटचे १५ हजार पावसाच्या स्वाधीन ठेवावे. पावसासारखा निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाहीं. प्रामाणिक कारागीर यास सहसा हरकत घेत नाहीं, मात्र दसऱ्यानंतर ती रक्कम विनातक्रार देण्याचें वचन आपणही पाळलें पाहिजे. मक्तेदाराचा विश्वास जसा पारखावयाचा, तसा मालकाचाही असतो. पैसे शक्यतों बँकेमार्फत द्यावे. रोख दिल्यास पावती घ्यावी, व ५,००० रुपयांवरील पावतीवर एक रुपयाचें महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्यावी.

काम चालू असतांना व संपल्यावर

रोज सकाळीं व संध्याकाळीं एक फेरी असावी. वाऱ्याचा उचल वळचणीच्या कडेस, आढ्याजवळ व कोपऱ्यांत सर्वांहून अधिक असतो. तेथें स्क्रू किंवा हूक मधल्या भागाहून जवळ जवळ हवेत. नाळीदार पत्र्यास हूक लाटेच्या माथ्यावर असावा, खोलगटांत नव्हे, व प्रत्येकाखालीं वायसर असावा. पत्र्यावर पत्रा उतारांत किमान सहा इंच चढलेला असावा. काम संपल्यावर दारें-खिडक्या लावून आंतून वर पहावें. जेथें उजेडाची तिरीप दिसते तेथें पाणी येणार. मग पंपाची नळी लावून आढ्यापासून खालीं अर्धा तास पाणी सोडावें. शेवटचा टप्पा वगळून बाकीचा हिशेब यानंतरच करावा.

तंटा झाल्यास

प्रथम तारखेनिशीं लेखी कळवावें व नक्कल ठेवावी. मग गांवांतील चार मातबरांसमोर बसावें. तरीही न मिटल्यास, राहत्या घराच्या कामाबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. दिलेला मोबदला पांच लाखांच्या आंत असल्यास तेथें फी पडत नाहीं. मात्र तेथेंही करार, पावत्या व छायाचित्रें हींच आपले वकील होत.

या सर्व चौकशीस चार-सहा दिवस व दोन-तीन खेपांचें भाडें लागेल. एक पोतें धान्य भिजल्यास याहून अधिक जातें. येत्या श्रावणांत शेतीच्या कामांतून एक दुपार मोकळी काढून वाचकांनीं गांवांतील छपरें पाहून यावीं, व पाहिलेलें एका वहींत टिपून ठेवावें, इतकीच आमची विनंति आहे.