गादमाशीप्रतिकारक धान आणि ग्राहकाची पसंती

भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ मध्ये सुरू झाला आणि देशाच्या अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांच्यासोबत तांदळाच्या आवडीनिवडीही आल्या. कोणास मोकळा, बारीक दाण्याचा भात हवा असतो, कोणास उसना तांदूळ. छत्तीसगडी घरांत बासीसाठी जाड तांदूळही आवडीने वापरला जातो. शहराभोवतीच्या धानपट्ट्यात मात्र शेतकऱ्याला वाण निवडताना गादमाशीचाही विचार करावा लागतो. किडीस दाद न देणारा वाण बाजारात उठाव घेईल का, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

किडीचे स्वरूप

गादमाशीचा प्रौढ डासासारखा दिसतो. अंड्यातून निघालेली अळी पानाच्या आवरणातून खाली सरकत वाढबिंदूपर्यंत पोहोचते. तेथे पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी तयार होते. तिला चंदेरी पोंगा म्हणतात. अशा फुटव्यास लोंबी येत नाही. पोंगे दिसू लागतात तेव्हा नुकसान झालेले असते, त्यामुळे उशिरा केलेली फवारणी वाया जाते. प्रतिकारक वाण हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

प्रतिकारक्षमता आणि चव

प्रतिकारक वाणाचा भात बेचव असतो, हा समज सरसकट खरा नाही. गादमाशीविरुद्धची किमान ११ जनुके ज्ञात आहेत. त्यांच्या प्रभावाने अळी वाढबिंदूजवळच मरते. भाताचा मऊपणा व मोकळेपणा मुख्यतः दाण्यातील अमायलोजवर अवलंबून असतो. त्याचे प्रमाण २० ते २५ टक्के असल्यास भात मोकळा तरी मऊ राहतो. त्याहून अधिक असल्यास थंड झाल्यावर कडक होतो. हे गुण वेगळ्या जनुकांमुळे येतात. अडचण येते ती संकरात प्रतिकारक पालकाचे इतर गुणही, जसे जाड दाणा, सोबत आल्यामुळे.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा ‘महामाया’ हा गादमाशीप्रतिकारक वाण जाड दाण्याचा आहे. जेवणाच्या ताटात बारीक तांदळाशी त्याची स्पर्धा अवघड. परंतु पोह्यासाठी त्यास चांगली मागणी आहे. उलट चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला ‘एचएमटी’ पसरला तो बारीक दाणा व चवीच्या बळावर.

दोन्ही गुण एकत्र आणता येतात, हे ‘सुधारित सांबा मसुरी’ने दाखवले. हैदराबादच्या संस्थांनी २००८ मध्ये दिलेल्या या वाणात करपा आणणाऱ्या जिवाणूविरुद्धची तीन जनुके आहेत आणि मूळ सांबा मसुरीचा दाणा व चव टिकून आहे. सफरचंदात हाच मार्ग फार लांबला. खपल्या रोगाचे प्रतिकारक जनुक लहान फळांच्या रानटी जातीतून आले. खाण्याजोगे फळ मिळण्यास अनेक पिढ्यांचे संकर लागले. १९७० मध्ये आलेला ‘प्रायमा’ प्रचलित वाणांची जागा घेऊ शकला नाही.

एकाच जनुकावर भिस्त नको

एकच प्रतिकारक वाण मोठ्या क्षेत्रावर सतत घेतल्यास त्यास न जुमानणारा किडीचा जैवप्रकार वाढीस लागतो. भारतात असे सात जैवप्रकार नोंदले गेले असून भंडारा जिल्ह्यातील जैवप्रकार छत्तीसगडमधील जैवप्रकाराहून वेगळा आहे. त्यामुळे रायपूरला टिकलेला वाण साकोलीला टिकेलच असे नाही. छत्तीसगडच्याच ‘झिटपिटी’ या स्थानिक वाणात ‘जीएम ८’ हे जनुक आढळले. स्थानिक वाणांचे जतन म्हणूनच मोलाचे आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

१. वाण सुचविण्यापूर्वी स्थानिक जैवप्रकाराविरुद्ध त्याची प्रतिकारक्षमता जवळच्या संशोधन केंद्राकडून जाणून घ्यावी.

२. पीक प्रात्यक्षिकासोबत भाताची चाचणीही घ्यावी. प्रतिकारक व प्रचलित वाणांचे तांदूळ एकाच हंगामातील आणि सारखेच सडलेले असावेत. जुना तांदूळ अधिक मोकळा शिजतो, त्यामुळे तुलना फसते.

३. ताटल्यांवर वाणाचे नाव न लिहिता क्रमांक द्यावेत. भात गरम असताना व काही तासांनी थंड झाल्यावर, असा दोनदा चाखवावा. वास, रंग, मऊपणा, चिकटपणा यांची स्वतंत्र नोंद घ्यावी आणि शेवटी ‘हा तांदूळ विकत घ्याल का?’ असे विचारावे.

४. जाड दाण्याचा वाण पेरण्यापूर्वीच पोहे गिरणी किंवा उसना तांदळाचा खरेदीदार निश्चित करावा.

५. बाजारासाठी संवेदनशील बारीक वाण घ्यायचाच असेल, तर लावणी लांबवू नये आणि फुटव्यांच्या काळात दर आठवड्यास पोंगे मोजावेत.

शेतात टिकलेला वाण स्वयंपाकघरातही टिकला, तरच शेतकरी पुढच्या हंगामात त्याचे बियाणे राखून ठेवतो.