जखमी लेफ्ट टॅकलला ठेवावं की सोडावं?

प्रश्न : आम्ही मेरीलँडमधल्या कोलंबियात राहतो. बाल्टिमोर रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने बघण्याची सवय घरात मुलीमुळे लागली. २०२४ च्या मार्चमध्ये माझा आणि मुलीचा चांगलाच वाद झाला होता. लेफ्ट टॅकल रॉनी स्टॅन्ली तिशीला पोचला होता, दुखापतींमुळे सलग चार हंगाम अर्धेमुर्धे गेले होते आणि करार मात्र भलामोठा. मी म्हणत होतो, त्याला मोकळं करा आणि पैसा दुसरीकडे लावा. ती म्हणत होती, ठेवा. त्या वर्षी तो सगळे सामने खेळला आणि मी हरलो. तरी मला अजून वाटतं की ती जिंकली ती नशिबाने. पैशाच्या दृष्टीने अशा वेळी विचार करायचा तरी कसा?
— एक वाचक, कोलंबिया

उत्तर : नशिबाचा वाटा होताच. पण पुढचं काहीही माहीत नसताना, त्या मार्चमध्येसुद्धा ठेवण्याचा निर्णयच योग्य होता, असं माझं मत आहे. त्याला आधार हिशोबाचा आहे.

आधी इतिहास बघू. स्टॅन्लीला रेव्हन्सने २०१६ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलं. २०१९ मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता. ३० ऑक्टोबर २०२० रोजी त्याचा करार पाच वर्षांनी वाढवला गेला, रक्कम ९ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलर. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, पिट्सबर्गविरुद्ध त्याचा घोटा गेला. २०२१ मध्ये तो एकच सामना खेळला, २०२२ मध्ये ११, २०२३ मध्ये १३. तुमचा संताप याच आकड्यांतून आला असणार आणि तो मला कळतो. एवढे पैसे मोजले आणि माणूस मैदानावर नाही!

पण तुमच्या विचारातली पहिली चूकही इथेच आहे. जे पैसे देऊन झाले ते संघाच्या हातात राहिलेले नाहीत. त्याला ठेवलं तरी ते परत येत नाहीत आणि काढलं तरी येत नाहीत. मार्चमध्ये संघासमोर प्रश्न एवढाच असतो की इथून पुढे त्याला काय द्यायचं आहे, आणि तेवढ्याच पैशात बाजारात दुसरा कोण मिळतो.

एनएफएलमध्ये या प्रश्नाला सॅलरी कॅपची, म्हणजे खेळाडूंवरच्या एकूण खर्चाच्या मर्यादेची, गाठ असते. २०२४ मध्ये प्रत्येक संघाची मर्यादा २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख झाली. सायनिंग बोनस खेळाडूच्या हातात लवकर पडतो, पण कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरून लिहिता येतो. आपल्याकडच्या पागडीसारखी ही रक्कम आहे : आत शिरताना मोजलेली, आणि जागा सोडली म्हणून परत न मिळणारी. खेळाडूला मुदतीआधी काढलं की वहीतले उरलेले हप्ते एकदम अंगावर येतात. यालाच तिथे डेड मनी म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बोनस २ कोटी डॉलर, पाच वर्षांवर पसरलेला, म्हणजे दर वर्षी ४० लाख. करारातली तीन वर्षं संपली आहेत, दोन उरली आहेत. यंदाचा पगार १ कोटी ४० लाख. खेळाडूला ठेवलं तर यंदा कॅपवर बोजा १ कोटी ८० लाखांचा. मार्चमध्ये काढलं तर पगार वाचतो, पण दोन्ही वर्षांचे हप्ते मिळून ८० लाख यंदाच लागतात. म्हणजे मोकळे होतात फक्त १ कोटी. आता या १ कोटीत तितक्याच ताकदीचा लेफ्ट टॅकल आणून दाखवा.

यावर लोक १ जूनची पळवाट सांगतात. दर वर्षी दोन खेळाडूंना ‘१ जूननंतर काढलेले’ अशी नोंद करून आधीच सोडता येतं. मग यंदा ४० लाख आणि पुढच्या वर्षी ४० लाख अशी विभागणी होते, आणि यंदा १ कोटी ४० लाख मोकळे होतात. ऐकायला छान वाटतं. पण ते पैसे वहीत मोकळे होतात जूनमध्येच, आणि खेळाडूंचा मोठा बाजार भरतो मार्चमध्ये. जूनमध्ये चांगले टॅकल कुठे उरलेले असतात? ही पळवाट ड्राफ्टमधल्या मुलांचे करार किंवा हंगामातली अडीनडी भागवायला उपयोगी आहे. स्टॅन्लीची जागा भरायला तिचा काही उपयोग नव्हता.

ही जागा किती मोलाची आहे, हे तुम्हाला मुलीने शिकवलं असेलच. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू टाकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे असते, आणि तिकडून धावून येणाऱ्याला अडवायचं काम लेफ्ट टॅकलचं. लमार जॅक्सनसारखा क्वार्टरबॅक ज्या संघात आहे, त्या संघाची सगळ्यात महागडी वस्तू त्या टॅकलच्या भरवशावर उभी असते. पॅट्रिक मेकारीने स्टॅन्लीच्या जागी बरेचदा उभं राहून मनापासून काम केलं. पण वेळ निभावून नेणारा गडी आणि वर्षभर त्या जागेवर ठेवायचा माणूस यांत फरक असतो.

म्हणून मधला रस्ता निघाला. स्टॅन्लीने २०२४ साठी पगार कमी करून घेतला. त्या हंगामात तो सगळे १७ सामने खेळला, प्रो बोलला निवडला गेला, आणि संघाचा रनिंग बॅक डेरिक हेन्री हंगामात एकूण १,९२१ यार्ड धावला. मार्च २०२५ मध्ये, एकतिशीच्या उंबरठ्यावर, स्टॅन्लीने रेव्हन्सशीच तीन वर्षांचा ६ कोटींचा नवा करार केला. पगारकपात हा मला दोन्ही बाजूंना न्याय देणारा मार्ग वाटतो, मात्र एका अटीवर : तो सौदा मार्चच्या सुरुवातीला व्हावा, खेळाडूला नकार देऊन दुसरा संघ शोधता येईल तेव्हा. ऑगस्टमध्ये, बाकी सगळ्यांच्या जागा भरल्यावर, ‘पगार कमी कर नाहीतर बाहेर हो’ असं सांगणं कायद्यात बसत असेल, पण मला ते पटत नाही. त्या माणसाचा घोटा त्याच संघासाठी खेळताना गेलेला असतो.

तुमचं म्हणणं कुठे खरं ठरलं असतं, तेही सांगतो. दुखापत कोणती, यावर बरंच अवलंबून आहे. हाड जुळतं, स्नायू भरून येतो, पण सांध्यातली कूर्चा झिजली की ती सहसा परत येत नाही. न्यू ऑर्लिन्सचा टॅकल रायन रॅमचिक याने २०२१ मध्ये ९ कोटी ६० लाखांचा करार केला. गुडघ्याच्या कूर्चेमुळे २०२४ चा हंगाम पूर्ण गेला आणि २०२५ मध्ये तिशीतच त्याने निवृत्ती घेतली. अशा वेळी संघाने खेळाडूच्या जिद्दीवर भरवसा ठेवून आणखी हमी देणं म्हणजे त्याच्या शरीरालाच पणाला लावणं. डॉक्टरांचा कागद एकीकडे आणि कॅपची वही एकीकडे, दोन्ही वेगवेगळी वाचावीत. वहीत सोय होते म्हणून डॉक्टरांचा कागद सोयीस्कर अर्थ लावून वाचू नये.

वय आणि दुखापती दोन्ही असताना संघाने काय करावं, याचा चांगला नमुना मला न्यूयॉर्क जेट्सच्या २०२४ च्या व्यवहारात दिसतो. टायरन स्मिथ डॅलसकडे १३ हंगाम खेळलेला, मान, पाठ, मांडी सगळं दुखावून झालेलं, तरीही २०२३ मध्ये अव्वल दर्जाचा. जेट्सने त्याला एकाच वर्षाचा करार दिला. हमीची रक्कम ६५ लाख, आणि मैदानावर घालवलेल्या वेळेप्रमाणे पुढचे पैसे. त्याच वर्षी पहिल्या फेरीत त्यांनी ओलू फाशानू हा तरुण टॅकलही घेतला. स्मिथ १० सामन्यांनंतर मानेच्या दुखापतीने बाहेर गेला. पण संघाची पुढची वर्षं अडकून पडली नाहीत आणि जागाही रिकामी राहिली नाही. व्यवहार बरोबर होता, फळ मात्र अर्धंच मिळालं. स्टॅन्लीच्या बाबतीत व्यवहारही बरोबर होता आणि फळही मिळालं. तुमच्या मुलीला नशिबाने दिलं ते एवढंच.

प्रश्न : जखमी खेळाडूला संघ काढूच शकत नाही, असं ऐकलं होतं. हे खरं आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धं खरं आहे. एनएफएलच्या ठरावीक करारानुसार संघासाठी खेळताना दुखापत झाली तर त्या हंगामाचा पगार आणि उपचार संघाला द्यावे लागतात. बरं होण्याआधीच काढलं तर खेळाडू दाद मागू शकतो. मग दोन्ही बाजूंना बांधील नसलेला डॉक्टर त्याला तपासतो. बरेचदा त्याआधीच किती आठवड्यांचे पैसे द्यायचे यावर तडजोड होते.

खरी अडचण पुढच्या वर्षी येते. नवा हंगाम सुरू होण्याआधीच्या तपासणीत तो नापास झाला, तर संघ त्याला काढू शकतो. करारात त्या वर्षासाठी ‘दुखापतीची हमी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पूर्ण पगार मिळतो. ते नसेल तर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारातल्या अटी पूर्ण करणाऱ्याला अर्धा पगार, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. शिवाय चार हंगामांची नोंद असलेला खेळाडू पहिल्या सामन्याला संघात असेल आणि नंतर काढला गेला, तर त्या हंगामाच्या उरलेल्या पगारावर दावा करू शकतो, पण कारकिर्दीत एकदाच. म्हणूनच महागड्या, जुन्या खेळाडूंना काढायचं असेल तर संघ ते पहिल्या सामन्याच्या आधी करतात. खेळाडूच्या बाजूने वाचणाऱ्याने करारातली एकूण रक्कम शेवटी बघावी. आधी हमी कोणत्या वर्षाची आणि कशाची आहे, ते बघावं.