पाण्यातील न दिसणारे विष

पाणी नितळ दिसले, चवीला गोड लागले की ते चांगले, असा आपला समज असतो. जंतूंसाठी आपण पाणी उकळतो किंवा त्यात क्लोरीन टाकतो. पण पाण्यात विरघळलेली रसायने डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत.

कापसावर वर्षानुवर्षे फवारलेले मोनोक्रोटोफॉस घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या शंभर टँकरमध्ये मिळून फक्त एक ग्रॅम!

एवढा सूक्ष्म अंश शोधायचा कसा? त्याची एक पद्धत विद्युत-रासायनिक प्रकाशाची आहे. नमुन्यात रुथेनियम धातूचे संयुग आणि एक साहाय्यक रसायन घालून थोडा विद्युतदाब दिला की ते संयुग नारिंगी-लाल प्रकाश देते. विशिष्ट विषाला पकडणारे प्रतिपिंड वापरले, तर त्या विषाच्या प्रमाणानुसार प्रकाश कमी-जास्त होतो. बाहेरचा दिवा लागत नाही. त्यामुळे अंधाऱ्या पेटीत अगदी मंद प्रकाशही मोजता येतो. थायरॉईडच्या अनेक रिपोर्टांवर 'ईसीएलआयए' असे छापलेले असते, ती हीच पद्धत. पाण्यातील कीटकनाशकांसाठी मात्र ती अजून मुख्यत्वे संशोधनात आहे. नेहमीच्या तपासणीसाठी क्रोमॅटोग्राफ यंत्र वापरतात.

आपल्या परभणी जिल्ह्यात अनेक घरे विहीर-बोअरवर अवलंबून आहेत. तेथे नायट्रेटची तपासणी आधी करावी. खते, उकिरडे व शौचखड्डे यांतून ते झिरपते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांखालील बाळाला अशा पाण्यात कालवलेले पावडरचे दूध दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ओठ-नखे निळसर पडतात. असे दिसताच बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

म्हणून हे करावे :

१) बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे.

२) ग्रामपंचायतीकडील तपासणी संचाने नायट्रेट व फ्लोराईड पाहावे. शंका आल्यास नमुना जिल्हा पाणी प्रयोगशाळेत द्यावा. कीटकनाशके या संचात कळत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

३) फवारणीचा पंप विहिरीजवळ धुऊ नये. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत.

४) उकिरडा व शौचखड्डा विहिरीपासून दूर ठेवावा.