गाडीचं डिफरन्सल, टायरचा घेर आणि डिझेलचा हिशेब

बंदी चालू आहे, बोटी वर ओढलेल्या आहेत, मासळीच्या गाड्याही उभ्या आहेत. १ ऑगस्टला हंगाम सुरू झाला की गाडीभाडं पुन्हा आपल्या मासळीच्या बिलातून कापलं जाणार. अ‍ॅव्हरेज कमी आलं की भाडं वाढतं आणि पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ, ज्या अ‍ॅव्हरेज खरोखर बदलतात आणि कागदावरचं अ‍ॅव्हरेज खोटंही दाखवतात: मागच्या एक्सलचा रेशो आणि टायरचा साईज.

बोटीवरून समजून घ्या

बोटीचं इंजिन १८०० फेरे मारतं आणि गिअरचं रिडक्शन ३ ला १ असेल, तर पंखा ६०० फेरे मारतो. पंख्याचा पीच म्हणजे एका फेऱ्यात बोट किती पुढे सरकणार त्याचं माप. हे आपल्याला पाठ आहे.

गाडीत तेच आहे. डिफरन्सलमधलं क्राऊन-पिनियन म्हणजे रिडक्शन आणि टायरचा घेर म्हणजे पीच. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ७ असतील तर रेशो ५.८६. म्हणजे शाफ्टचे ५.८६ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. पिनियन ८ दातांचा असेल तर रेशो ५.१३. आकडा मोठा तर ओढ जास्त आणि इंजिनाचे फेरेही जास्त. आकडा लहान तर फेरे कमी आणि ओढही कमी.

आकड्यात बघू

८.२५-१६ चा टायर भरलेल्या गाडीखाली एका फेऱ्यात साधारण २.६२ मीटर जातो. ७.५०-१६ चा साधारण २.४५ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर. टॉप गिअर सरळ १ ला १ धरला तर इंजिनाचे फेरे असे येतात:

• ७.५०-१६ टायर, रेशो ५.८६: सुमारे २३९०
• ८.२५-१६ टायर, रेशो ५.८६: सुमारे २२४०
• ८.२५-१६ टायर, रेशो ५.१३: सुमारे १९६०

वेग तोच, माल तोच, पण पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत ४३० फेऱ्यांचा फरक. इंजिन जितकं जास्त फिरतं तितकं डिझेल त्याच्या स्वतःच्या घर्षणात जातं. पिस्टन, बेअरिंग, पंप सगळं फुकट जास्त फिरतं. म्हणून सपाट रस्त्यावर तेच काम कमी फेऱ्यांत झालं की डिझेल वाचतं. मीटरवर हिरवा पट्टा असतो तो याचसाठी.

मग सगळ्यांनी लहान रेशो घ्यावा का?

नाही. ट्रॉलरला जाळं ओढायचं असतं, म्हणून त्याला मोठं रिडक्शन आणि मोठा, सावकाश फिरणारा पंखा लागतो. रिकामी पळायच्या होडीचं गणित त्याला लावलं तर इंजिन धूर सोडतं. गाडीचंही तसंच.

मालीमहून किंवा कुटबणहून बेळगावला जाणारी गाडी समुद्रसपाटीवरून निघते आणि सुमारे ७५० मीटर वर चढते. माल-बर्फ धरून १० टनांची गाडी असेल, तर फक्त एवढं वजन वर उचलायला साधारण सहा ते साडेसहा लिटर डिझेल लागतं. रस्त्यावर पळायचं ते वेगळं. हे सहा लिटर कुठलाही रेशो, कुठलाही टायर वाचवू शकत नाही.

उलट लहान रेशो असेल तर चोर्ला किंवा अनमोडच्या चढाला ड्रायव्हर एक गिअर खाली टाकतो. मग फेरे होते तिथेच परत येतात, बचत संपली. दोन गिअरच्या मधे गाडी अडकली तर सारखं वर-खाली करावं लागतं. भरलेली गाडी जेटीच्या ओल्या चढावर उचलताना क्लच जळतो तो वेगळा. डिझेलचे वाचलेले पैसे क्लच प्लेटमध्ये जातात.

कारवार-मंगळूरकडे किनाऱ्याने लांब पळणाऱ्या गाडीला मात्र लहान रेशोचा खरा फायदा मिळतो. पण एक अट आहे, वेग वाढवायचा नाही. ६० वरून ८० वर गेलं की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. इन्सुलेटेड बॉडी म्हणजे समोरून भिंतच. "गाडी आता हलकी पळते" म्हणून पाय दाबला तर जे वाचलं त्यापेक्षा जास्त जातं.

थोडक्यात, रेशो रस्त्यावर ठरतो. घाटाच्या गाडीला घाटाचा, किनाऱ्याच्या गाडीला किनाऱ्याचा. गाडी विकत घेतानाच हे विचारा. मागाहून क्राऊन-पिनियन बदलणं खर्चाचं काम आहे. ओव्हरड्राईव्ह गिअरबॉक्सची गाडी मिळत असेल तर चढाला ओढही राहते आणि सपाटीला फेरेही कमी होतात.

मीटर कसा फसवतो

आता भांडणाचा विषय. बऱ्याच गाड्यांचा किलोमीटर मीटर गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे मोजतो. रस्ता मोजत नाही. कारखान्यातून आलेला टायर आणि रेशो धरून तो किलोमीटर दाखवतो.

समजा ७.५०-१६ च्या गाडीला ८.२५-१६ टायर घातले. खरे १००० किलोमीटर झाले तर मीटर ९३५ दाखवणार. डिझेल १२५ लिटर गेलं असेल तर खरं अ‍ॅव्हरेज ८, पण कागदावर साडेसात. सुमारे आठ लिटर डिझेल "कमी" दिसतं. ते कोणी चोरलेलं नसतं. ४१/७ चं ४१/८ केलं आणि मीटर जुळवून घेतला नाही, तर १००० चे ८७५ दिसतात. खर्च करून रेशो बदलला, डिझेल खरंच वाचलं, तरी कागदावर अ‍ॅव्हरेज पडलेलं. अशा वेळी ड्रायव्हरच्या पगारातून डिझेल कापणं म्हणजे निव्वळ अन्याय.

उलटंही होतं. मोठे टायर काढून लहान घातले की मीटर जास्त पळतो आणि अ‍ॅव्हरेज सुधारल्यासारखं वाटतं. टायर गोटा झाला की घेर साधारण दोन-तीन टक्के कमी होतो, तेवढा मीटर जास्त दाखवतो. म्हणून संशय घेण्याआधी मीटर तपासा. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवर किंवा मोबाईलच्या नकाशावर निदान २० किलोमीटर पळवून मीटरशी ताडून बघा.

टायर बदलताना

कंपनीने त्या मॉडेलला मंजूर केलेलाच साईज घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. फिटनेस अडतो, अपघातात विम्याचा दावाही अडू शकतो. शिवाय मोठा टायर जुन्या रिमवर नीट बसत नाही आणि जोडीतले दोन टायर एकमेकांना घासतात.

मागच्या जोडीत एक नवा आणि एक गोटा कधीच घालू नका. दोघांचा घेर वेगळा, पण फिरणार बरोबर. मग लहान टायर घसपटत जातो, मोठ्यावर सगळा भार येतो. टायरही जातो, डिझेलही जातं. हवा कमी असली तरी हेच होतं, आणि हवेला पैसे सर्वात कमी लागतात.

उघडण्याआधी एवढं करा

१. डिफरन्सलवरची प्लेट बघा किंवा मेकॅनिककडून रेशो विचारून लिहून ठेवा.
२. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरला खडूने खूण करा, सरळ रस्त्यावर दहा फेरे पुढे न्या, टेपने मोजा, दहाने भागा. हा तुमच्या टायरचा खरा घेर.
३. मीटर किती टक्के चुकतो ते काढा आणि ट्रिपच्या वहीत पहिल्या पानावर लिहा.
४. अ‍ॅव्हरेज नेहमी टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल काढा, शक्यतो एकाच पंपावर. घाटाची ट्रिप आणि किनाऱ्याची ट्रिप वेगळी लिहा, दोन्हींची सरासरी एकत्र करू नका.
५. वितळलेल्या बर्फाचं पाणी वाटेत नियमाने, रस्त्यावर न सांडता, काढून टाका. एक टन वजन बेळगावला चढवायला सहाशे मिलिलिटरहून जास्त डिझेल लागतं.

वही आणि हे आकडे घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, एकत्र बसून हिशेब लावू. गाडीवाल्या भावांना ही पोस्ट नक्की दाखवा, आणि मालकांनो, तुम्हीही शेवटपर्यंत वाचा. वहीतला आकडा खरा असला की मालक आणि ड्रायव्हर दोघांनाही भांडायची गरज उरत नाही.

– सचिव