आकाशातला धूर कोणाच्या खाती?

मुंबईहून लंडनला निघालेल्या विमानाचा धूर कोणत्या देशाच्या खाती मांडावयाचा? १९९७ च्या क्योटो करारात हा पेच देशांच्या हिशेबाबाहेर ठेवून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपविण्यात आला. माँट्रियल येथील या संघटनेने विमानांच्या गोंगाटाचे नियम १९७१ सालीच केले होते. कार्बनच्या भरपाईची 'कोर्सिया' योजना मंजूर व्हायला मात्र २०१६ साल उजाडले.

एक किलो इंधन जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (एकाचे तीन कसे, हे मला प्रथम उमगेना, वाढीव वजन हवेतल्या प्राणवायूचे!) आता उत्सर्जन २०१९ च्या ८५ टक्क्यांवर गेले, तर वरच्या भागासाठी कंपन्यांनी इतरत्र प्रदूषण घटविणाऱ्या प्रकल्पांची प्रमाणपत्रे विकत घ्यावयाची. २०२७ पासून भारतालाही हे लागू होईल. मुंबई-नागपूरसारखी देशांतर्गत उड्डाणे यात धरलेली नाहीत.

मला हा व्यवहार पुरता पटत नाही. जंगल राखल्याचे प्रमाणपत्र घेतले आणि पुढे तेथेच वणवा लागला, तर? आमच्या घरात विमानात बसलेले अजून कोणी नाही. पावसाकडे डोळे लावून बसणारे मात्र सगळेच आहेत.