घरफोडीनंतरची पहिली रात्र : मोडक्या दारा-खिडक्यांचा तात्पुरता बंदोबस्त

सुगीच्या दिवसांत शेतकरी कुटुंब पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत रानात असते. घर आणि कोठार एका कुलपाच्या भरवशावर मागे राहते. सायंकाळी परत यावे तो दाराचा कोयंडा उचकटलेला, खिडकीचे गज वाकविलेले आणि सामान विस्कटलेले दिसावे, असा प्रसंग ज्या घरावर येतो तेथील माणसे काही काळ सुन्न होऊन जातात. जे गेले त्याचा शोक स्वाभाविक आहे. परंतु त्या घटकेस उरलेल्याचा विचार अधिक निकडीचा असतो. घरात मुले आहेत, गोठ्यात जनावरे आहेत, कोठारात पेरणीचे बियाणे आहे आणि रात्र जवळ येत आहे. ज्या वाटेने चोर आला ती वाट अद्याप उघडीच आहे. तिच्यातून तो पुन्हा येऊ शकतो. आणि तो न आला तरी पाऊस, उंदीर, कुत्री व साप यांना ती मोकळीच आहे.

मोडके दार किंवा खिडकी पहिल्या रात्रीपुरती कशी सुरक्षित करावी, हे या पाठात सांगावयाचे आहे. त्यासाठी तीन गोष्टी क्रमाने लक्षात ठेवाव्यात. प्रथम पुरावा राखावा. मग चोराची वाट बंद करावी. आणि ती बंद करताना घरातील माणसांची बाहेर पडण्याची वाट बंद करू नये. हा क्रम चुकला म्हणजे एक नुकसान भरून काढताना दुसरे ओढवते.

१. हात लावण्यापूर्वी

दार फोडलेले दिसताच एकट्याने आत जाऊ नये. चोर आतच असण्याचा संभव असतो. शेजाऱ्यांना हाक मारावी, पोलीस पाटलांस कळवावे आणि ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. खबर नोंदविताना हद्दीचा प्रश्न आड येऊ नये, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिच्यात केलेली आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडला हे न पाहता खबर घेतली जाते व नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ही प्रत जपून ठेवावी. घराचा किंवा मालाचा विमा असल्यास ती लागते.

पंचनामा होईपर्यंत दार, कडी, कुलूप, पेटी, कपाट यांस हात लावू नये. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे जगातील पहिले कार्यालय १८९७ साली आपल्याच देशात, कलकत्त्यास स्थापन झाले. तेव्हापासून ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. पण दहा जणांनी हाताळलेल्या कडीपुढे तीही हतबल होते. अंगणातील पाऊलखुणांवर घमेले किंवा पाटी पालथी घालून ठेवावी, म्हणजे कुत्री, कोंबड्या व पाऊस यांपासून त्या वाचतात. चोरी पहाटे उघडकीस आली असेल तर त्या दिवशीचा सडा-सारवण थांबवावा. नित्याच्या या कामात पुष्कळदा उत्तम पुरावा पुसला जातो.

पंचनाम्यास विलंब होत असेल आणि पाऊस किंवा अंधार जवळ आला असेल, तर प्रत्येक मोडक्या जागेचे भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे. एक लांबून, एक जवळून आणि एक आतून असे तीन तरी असावे. नंतर चौकटीस स्पर्श न करता समोर दोन बांबू रोवून त्यांवर ताडपत्री बांधावी व कोणी तरी तेथे बसावे. पोलिसांस विचारून त्यांची अनुमती मिळताच पुढील कामास लागावे.

विजेच्या तारा तोडलेल्या किंवा लोंबत असतील तर मुख्य कळ बंद करावी व वायरमनकडून तपासून घेतल्यावाचून ती चालू करू नये. कोठारात अॅल्युमिनियम फॉस्फाईडची धुरी चालू असताना चोराने ताडपत्री उचकटली असेल, तर आत मुळीच जाऊ नये. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक आहे. दारे उघडी ठेवून दूर राहावे, पोलिसांनाही सावध करावे व जाणकाराच्या सल्ल्यानेच आत पाऊल टाकावे. कीटकनाशकांचे डबे गेले असतील तर ती गोष्ट पोलिसांस मुद्दाम सांगावी; चोरलेले विष कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो.

२. काचा व सांडलेले धान्य

खिडकीच्या चौकटीत अडकलेले काचेचे तुकडे वरून खाली या क्रमाने काढावेत. खालून आरंभ केल्यास वरचा तुकडा हातावर पडतो. पायात जोडे व हातात जाड हातमोजे असावेत. हातमोजे नसल्यास गोणपाटाची दुहेरी घडी घ्यावी. तुकडे कागदात गुंडाळून डब्यात ठेवावेत. ते उकिरड्यावर कदापि टाकू नयेत. उकिरड्याचे खत शेतात जाते आणि दोन वर्षांनी तीच काच बैलाच्या खुरात किंवा निंदणी करणाऱ्या बाईच्या हातात रुतते.

फुटलेल्या खिडकीखाली सांडलेले धान्य वेगळे झाडून घ्यावे. ते जनावरांस किंवा कोंबड्यांस घालू नये व पोत्यात परत भरू नये. खोल खड्ड्यात पुरावे. त्या दोन पायलींचा लोभ फार महाग पडतो.

३. खिडकी बंद करणे

पुष्कळ ठिकाणी नुसता पत्रा खिळ्यांनी ठोकून समाधान मानले जाते. पत्रा पहारीने सहज उचकटतो आणि खिळे मारताना चौकटीचे लाकूड फाटते. त्यापेक्षा तक्ता बाहेरून, रीपा आतून आणि दोहोंना आरपार आवळणारे बोल्ट, ही रीत खात्रीची आहे. तिच्यात चौकटीला एकही खिळा मारावा लागत नाही.

समजा, खिडकीची मोकळी जागा ९० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर उंच आहे. तर १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा सुमारे १०० सेंटिमीटर रुंद व १३० सेंटिमीटर उंच तक्ता घ्यावा, म्हणजे तो चौकटीवर चहूबाजूंनी ५ सेंटिमीटर टेकतो. तक्ता नसल्यास जाड फळ्या शेजारी शेजारी लावाव्यात व त्यांवर आडव्या पट्ट्या ठोकून त्या एकजीव कराव्यात. आतील बाजूस १०० सेंटिमीटर लांबीच्या दोन मजबूत रीपा आडव्या धराव्यात. एक वरच्या भागात व एक खालच्या भागात. तक्ता व रीपा यांतून गिरमिटाने भोके पाडून १० मिलिमीटर जाडीचे, गोल माथ्याचे चार बोल्ट बाहेरून आत घालावेत आणि आतून वॉशर व नट लावून आवळावेत. गोल माथा बाहेर असल्याने चोरास पाना लावण्यास जागा राहत नाही. गज शाबूत असल्यास बोल्ट त्यांच्यामधून न्यावेत. खिडकीची कवाडे आड येत असतील तर ती उतरवून ठेवावीत.

तक्त्याच्या वरच्या कडेवर पत्र्याची उतरती पट्टी किंवा ताडपत्रीचा पदर असावा, म्हणजे पागोळीचे पाणी आत झिरपत नाही. ६ मिलिमीटरहून मोठी फट लहान उंदरास पुरते, हे ध्यानी घेऊन फटींत बारीक जाळी कोंबावी.

४. दार बंद करणे

दाराची पाहणी करताना कुलपाकडे न पाहता चौकट, कवाड आणि कडी-कोयंडा या तिघांकडे पाहावे. पुष्कळदा कुलूप अभंग असते आणि कोयंडाच लाकडासह उपटून आलेला असतो. अशा वेळी त्याच भोकात जाड स्क्रू पिळणे व्यर्थ होय, कारण तेथील लाकूड पिचलेले असते. कोयंडा १५ ते २० सेंटिमीटर वर किंवा खाली, निकोप लाकडात बसवावा आणि स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालून नट आतून आवळावेत. कडीची जागाही त्यानुसार बदलावी.

कवाडाची फळी फुटली असेल तर खिडकीप्रमाणेच बाहेरून तक्ता व आतून पट्ट्या लावून ती बोल्टांनी आवळावी. चौकट भिंतीपासून सुटली असेल तर चौकट व भिंत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकून ती घट्ट करावी. एकाच बाजूने ठोकल्यास चौकट तिरपी होऊन दार अडकते.

जुन्या वाड्यांत व माळवदाच्या घरांत दारामागे भिंतीत दोन्ही बाजूंस कोनाड्यासारखी भोके आढळतात. ती अडसराची होत. आपल्या आजोबांच्या काळी रात्री त्यांत जाड आडवे लाकूड सरकवीत असत. कड्या आल्या आणि ही भोके कोठे चिंध्या कोंबून, कोठे गिलाव्याने बुजविली गेली. ती मोकळी करून बाभळीचा किंवा सागाचा अडसर घातल्यास पहिल्या रात्रीस याहून चांगला आधार नाही. मात्र दार आत उघडणारे असले तरच अडसर उपयोगी पडतो. भोके नसल्यास आत उघडणाऱ्या दाराच्या मधल्या पट्टीखाली तिरका टेकू द्यावा व त्याचे खालचे टोक जमिनीत रोवलेल्या दगडास अडवावे. बाहेर उघडणाऱ्या दारास आतील पट्टीच्या कडीतून साखळी ओवून ती अडसरास कुलपाने जखडावी.

मातीच्या भिंतीस भगदाड पाडले असल्यास प्रथम वरच्या बाजूस चिरा गेली आहे काय ते पाहावे. चीर असल्यास वर आडवे लाकूड व त्याखाली दोन धिरे देऊन मगच भगदाड दगड-मातीने किंवा मातीने भरलेल्या पोत्यांनी बुजवावे. घाईत धान्याची पोती तेथे रचू नयेत. भिंतीची ओल धान्यास लागते. बियाण्याची पोती त्याच रात्री आतल्या खोलीत, फळ्यांवर व भिंतीपासून सुमारे अर्धा मीटर अंतरावर हलवावीत.

५. बाहेर पडण्याची वाट

घरास दोन दारे असतील तर मोडके दार पक्के बंद करून दुसरे वापरावे. दार एकच असेल तर ते खिळ्यांनी ठोकून बंद करणे हा आत्मघात होय. रात्री आग लागली, कोणास विंचू चावला किंवा बाळंतिणीस दवाखान्यात न्यावे लागले तर काय करावयाचे? अडसर किंवा टेकू असा असावा की घरातील म्हाताऱ्या माणसास किंवा दहा वर्षांच्या मुलास तो अंधारात, हत्याराशिवाय काढता यावा. निजण्यापूर्वी एकदा त्यांच्याकडून तो काढवून पाहावा.

दुसरा इशारा याहून कळकळीचा आहे. चोरीच्या संतापात काही लोक दाराला, खिडकीला किंवा कुंपणाला विजेचा प्रवाह सोडतात. असे कदापि करू नये. त्या तारेला चोराआधी आपलेच मूल, गडी, शेजारी किंवा गाय चिकटते. आणि चोर मेला तरी मनुष्यवधाचा गुन्हा घरधन्यावरच येतो. तसेच गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या भटक्या कुटुंबांवर पुराव्यावाचून आळ घेऊ नये. संबंध जमातीस जन्मतः गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. तो मनातूनही रद्द व्हावयास हवा. शोध करणे पोलिसांचे काम आहे. गावकऱ्यांचे काम राखणीचे. पहिल्या दोन-तीन रात्री शेजारच्या दोन माणसांनी पाळीपाळीने त्या घराच्या ओटीवर निजावे. तक्ता व अडसर दार सांभाळतात. घरातील बायामुलांचा धीर शेजारी सांभाळतात.

६. तात्पुरते ते तात्पुरतेच

ठोकलेल्या तक्त्यावर त्या दिवसाची तारीख खडूने लिहावी व पंधरा दिवसांच्या आत कायमची दुरुस्ती करावी. आज उद्या म्हणता म्हणता पावसाळा येतो, तक्ता फुगतो, नट ढिले होतात आणि चोराने दाखविलेली उणीव तशीच राहते. दर चार दिवसांनी नट आवळून पाहावेत. मोडलेले भाग विम्याची पाहणी होईपर्यंत टाकू नयेत आणि तक्ता, बोल्ट, मजुरी यांच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. कायमच्या दुरुस्तीत चौकटीस लोखंडी पाती लावून ती भिंतीत पक्की करवून घ्यावी आणि मगच नव्या कुलपाचा विचार करावा.

एक सूचना ग्रामपंचायती व शेतकरी मंडळांसाठी आहे. एक मोठा तक्ता, चार रीपा, डझनभर बोल्ट, गिरमीट, पाना, ताडपत्री व साखळी एवढे साहित्य गावात एके ठिकाणी ठेवल्यास संकटाच्या सायंकाळी कोणासही तालुक्याच्या बंद बाजारपेठेकडे धावावे लागणार नाही. खर्च थोडा आहे आणि गरज पडेल तेव्हा त्याचे मोल फार आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पंचनामा होण्यापूर्वी पाऊस आल्यास पुरावा व घर दोन्ही कसे राखाल?
२. फुटलेल्या काचा उकिरड्यावर का टाकू नयेत?
३. आपल्या घराचे दार आत उघडते की बाहेर? त्यास कोणता आधार योग्य होईल?
४. आपल्या घरातील लहान मुलास रात्री दाराचा अडसर काढता येतो काय? आजच पाहा.